जेरुशाच्या बरणीतलं खमीर

ब्रॅडन बंदरात जेरुशाच्या हाताला नाव ठेवणारा माणूस सापडला नसता, आणि तिच्या जिभेला नाव न ठेवणाराही. पिंपं बनवणाऱ्या अमोसची ही बायको. हाडापेराने मजबूत, बाह्या कायम कोपरापर्यंत सारलेल्या, आणि उजव्या मनगटावर भाजल्याचे जुने डाग. भट्टी तापली का, हे ती हात आत घालून, आकडे मोजून बघायची. पंधरापर्यंत हात टिकला तर केक आत, दहावरच काढावा लागला तर थांबा. दुसऱ्या बायका पीठ फेकून बघत, ते करपतं की तांबूस होतं ते पाहत. जेरुशा म्हणायची, "पीठ कशाला वाया घालवायचं? हात काय शोभेला दिलाय देवाने?"

मे महिन्यातल्या शेवटच्या बुधवारी आमच्याकडे निवडीचा दिवस असायचा. गावोगावचे निवडून आलेले सभासद ब्रॅडनला जमायचे, शपथ घ्यायचे, चर्चमध्ये पाद्रीबुवांचं दोन तासांचं प्रवचन सोसायचे आणि मग गव्हर्नरसाहेबांच्या घरी जेवायला बसायचे. जेवणाच्या शेवटी केक यायचा. खमीर घालून फुगवलेला, लोण्याचा, मनुका आणि जायफळाचा, एकेक वजनाला चांगल्या गलेलठ्ठ मांजराएवढा. गव्हर्नरने पहिला तुकडा कापायचा आणि स्वतःच्या हाताने सभापतींना द्यायचा. सभापतींनी तो खाल्ला, की राजाचा माणूस आणि लोकांची माणसं वर्षभर गुण्यागोविंदाने नांदणार असं धरून चालायचं. नांदली नाहीत तरी धरून चालायचं. तो केक अठरा वर्षं जेरुशा करत होती. तीन गव्हर्नर बदलले, सभापती बदलले, केक बदलला नाही. बाजारात कुणी भेटलं की ती म्हणायची, "आमचा केक गव्हर्नरच्या टेबलावर असतो बरं." आणि न भेटलं तरी भेटायला जाऊन म्हणायची.

तिला मूलबाळ नव्हतं. मूल म्हणा, भाऊ म्हणा, एक असाहेल. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा आणि ही सोळाची. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला अक्षरं शिकवण्यापर्यंत सगळं हिनेच केलं. तो मोठा झाला, जहाजाच्या दोरांचा धंदा काढला, सभेवर निवडून आला, तरी रोज संध्याकाळी ताईच्या ओट्याशी बसून गरम पावाचा कडेचा तुकडा खायचा. आणि मग त्याने लग्न केलं. नदीपलीकडची डोर्कस आणली. गोल चेहऱ्याची, हसरी, चालताना गुणगुणणारी मुलगी. तिला स्वयंपाक यथातथाच येत होता. असाहेल संध्याकाळचा यायचा बंद झाला.

"तिच्या हातचं जळकं खातो आणि वर बोटं चाटतो," जेरुशा अमोसला म्हणाली.

"अगं, नवं लग्न आहे," अमोस म्हणाला. "जळलेलं कळायला वेळ लागतो."

"तीन वर्षं झाली!"

अमोसने पिंपाच्या फळ्या तासायला घेतल्या. वाद टाळायची त्याची ती रीत होती.

डोर्कसबद्दल जेरुशाला काय वाटायचं, हे ब्रॅडनमध्ये कुणाला विचारावं लागलं नसतं. तिला तिच्या हसण्याचा हेवा वाटायचा, तिच्या वयाचा वाटायचा, आणि आपला भाऊ तिच्याकडे ज्या नजरेने बघायचा त्याचा तर इतका, की चर्चमध्ये ती मुद्दाम दोघांच्या पुढच्या बाकावर बसायची, म्हणजे बघायला नको. मग प्रवचनभर मान मागे वळवून बघायची.

हे झालं घरचं. गावात वेगळंच पेटलं होतं. राजाच्या दरबाराने समुद्रापलीकडे बसून आमच्या काचेवर, कागदावर, साखरेवर आणि चहावर कर लावला होता. आमच्या सभेने इतर वसाहतींना पत्र धाडलं, 'हा कर आम्हाला कबूल नाही, तुमचं काय म्हणणं?' राजाकडून हुकूम आला, पत्र मागे घ्या. गव्हर्नर म्हणाले, मागे घ्या. सभा म्हणाली, घेत नाही. गव्हर्नरांनी सभा मोडून सगळ्यांना घरी पाठवलं आणि नवी निवडणूक लावली. लोकांनी तीच माणसं परत पाठवली, वर दोन जास्त तापट घालून. आता नव्या सभेला पहिल्याच दिवशी ठराव करायचा होता, पत्र राहील म्हणून. सभा मोडायच्या आत ठराव झाला तर तो पुस्तकात कायमचा चढणार. आधी मोडली तर सगळं मुसळ केरात. हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

या सगळ्याशी जेरुशाला काही देणंघेणं नव्हतं असं नाही. चहा तिनेही सोडला होता, रानातल्या पानांचा काढा नाक मुरडत पीत होती. पण तिच्या मते भांडण भांडणाच्या जागी आणि केक केकच्या जागी. त्यामुळे निवडीच्या आधीच्या आठवड्यात असाहेल बायकोला घेऊन तिच्या घरी आला आणि म्हणाला, "ताई, यंदा सभा गव्हर्नरकडे जेवायला जाणार नाही," तेव्हा ती हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहिली.

"जाणार नाही म्हणजे? मग जेवणार कुठे?"

"सभागृहातच. बसल्या जागी. सभा उठवायचीच नाही. उठलो की त्याला मोडायला बरं."

"आणि केक?"

असाहेलने बायकोकडे बघितलं. डोर्कसने हसून मान खाली घातली.

"केक डोर्कस करणार आहे," तो म्हणाला. "मंडळींनी ठरवलं. राजाच्या कराचं काही म्हणजे काही घालायचं नाही. झाडाच्या रसाची साखर, रानातली सुकी फळं."

जेरुशाने लाटणं ओट्यावर आपटलं. "मला विचारलं नाहीत ते?"

"तुला कसं विचारणार? तू तर गव्हर्नरची." तो हसत म्हणाला. "अठरा वर्षं तूच सांगत आलीस की सगळ्या गावाला."

तो थट्टेनेच म्हणाला. पण अशी थट्टा झोंबते कुठे ते करणाऱ्याला कळत नाही. अठरा वर्षं तो केक सभापतींच्या तोंडात जात होता, भावाच्या तोंडात जात होता, सगळ्या वसाहतीने खाल्ला होता, आणि आता तो एकट्या गव्हर्नरचा झाला! आणि सभेचा कोण करणार, तर जिला पाव धड भाजता येत नाही ती! कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही अशी.

"छान," जेरुशा म्हणाली. "देव करो आणि तो फुगो."

डोर्कस पुढे झाली. तिच्या हातात रिकामी दगडी बरणी होती. "वन्सं, त्यासाठीच आले होते. माझं खमीर आंबून गेलं. तुमच्यातलं थोडं द्याल का? सोमवारी नेईन."

आता आमच्याकडे एक रीत आहे. खमीर आणि विस्तव मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. बाकी कशालाही नाही म्हणा, सुईला म्हणा, मिठाला म्हणा. पण खमीर नाकारलं की ते घर गावातून उठलंच समजा. जेरुशाचं खमीर तिच्या आईच्या वेळचं. बियरच्या पिंपाचा तळगाळ, उकडलेला बटाटा आणि मूठभर पीठ घालून तीस वर्षं जगवलेलं. अर्ध्या ब्रॅडनचा पाव त्यावर फुगत होता.

"ठेव बरणी," ती म्हणाली. "सोमवारी ये."

सोमवारी सकाळी डोर्कस यायच्या आधी जेरुशाने आपल्या मोठ्या बरणीतून तिच्या बरणीत खमीर काढलं. छान होतं. वर बारीक बुडबुडे येत होते, आंबट गोड वास सुटला होता. शेजारी चुलीवर बटाट्याचं पाणी कढत होतं. खमिराला कोमट पाणी घालायचं असतं. कढत घातलं की ते मरतं, आणि मेलेलं खमीर दिसायला जिवंतासारखंच दिसतं, हे तिला ठाऊक नसेल तर कुणाला ठाऊक असणार?

तिने पळी भरली. एकदा वाटलं, थांबावं, निवू द्यावं. मग तिला असाहेलचं ते हसणं आठवलं. 'तू तर गव्हर्नरची.' तिने पळी ओतली. दुसरी ओतली. बुडबुडे एकदम उसळले आणि शांत झाले. तिसरी पळी ओतायची गरज नव्हती, तरी ओतली. मग झाकण लावून बरणी ओट्यावर ठेवली आणि हात पुसले, नको तितका वेळ.

तेवढ्यात डोर्कस आलीच. "वन्सं, तुमचे फार उपकार झाले हो." तिने बरणी उचलली, एक क्षण थबकली, मग एप्रनच्या टोकात धरून छातीशी घेतली.

"पीठ चांगलं मळ," जेरुशा म्हणाली. "आणि वाऱ्यात ठेवू नकोस." पोटात एक आणि ओठात एक.

त्या तीन दिवसांत तिच्या डोक्यात पुढचा सगळा खेळ तयार होता. डोर्कसचा केक बसणार. सभेपुढे दगड येणार. सभासदांची तोंडं पडणार. मग जेरुशा दारातून आत येणार, कापडाखालून आपला केक काढणार आणि टेबलावर ठेवणार. सभापती खाणार. असाहेल म्हणणार, 'चुकलो ग ताई.' हे शेवटचं वाक्य तिने इतक्या वेळा मनात ऐकलं, की मंगळवारी कणीक मळताना ती मोठ्याने म्हणाली, "असू दे रे."

"कुणाला म्हणतेस?" अमोसने विचारलं.

"कुणाला नाही. तुम्ही फळ्या तासा."

बुधवारी पहाटेच तिची भट्टी पेटली. बारा केक गव्हर्नरकडे आणि एक जास्तीचा, आपला. बारा केक हातगाडीवरून नेऊन पोचवले. गव्हर्नरकडचा कारभारी फेन्विक दारात उभा होता, चेहरा ताकासारखा.

"बाई, चाळीस पानं मांडली आहेत," तो हळूच म्हणाला. "येतील ना हो ते?"

"मला काय विचारता? मी का सभा आहे?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचं कुरण दिसत होतं. चर्च सुटलं. सभासद काळ्या कोटांत ओळीने बाहेर आले, सभापती बर्डेट सगळ्यांच्या पुढे, काठी टेकत. दरवर्षी ते इथून डावीकडे वळून गव्हर्नरच्या पायऱ्या चढायचे. यंदा ती ओळ पायऱ्यांसमोरून सरळ गेली. एकाने टोपीही काढली नाही. कुरणाच्या पलीकडे सभागृहाच्या दारात ती शिरली आणि दार लागलं.

चाळीस पानांवर अकरा माणसं जेवली. दोन आरमारातले अधिकारी, गव्हर्नरांचे नातलग, आणि गव्हर्नरांना चालणारे चार सल्लागार. शेवटी केक आला. जेरुशा दाराच्या फटीतून बघत होती. असा फुगला होता, असा लुसलुशीत, की अठरा वर्षांत झाला नव्हता! गव्हर्नरांनी सवयीने सुरी घेतली, पहिला तुकडा कापला, बशीत घेऊन उजवीकडे वळले, आणि उजवीकडची खुर्ची रिकामी. बशी हातात धरून ते तसेच थांबले. मग त्यांनी ती बशी त्या रिकाम्या जागेपुढे ठेवली आणि चिटणिसाला खूण केली. चिटणीस खिशातला कागद चाचपून उठला.

कागद कसला हे सगळ्यांना कळलं. सभा मोडल्याचा हुकूम. जेरुशाला मात्र त्या कागदाचं काही नव्हतं. तिला त्या बशीकडे बघवेना. तिने आपला तेरावा केक शालीखाली घेतला आणि मागच्या दाराने कुरण ओलांडून सभागृहाकडे निघाली. चिटणीस पुढच्या दाराने, टोपी, तलवार, दोन शिपाई असा सगळा थाट जमवून निघायचा होता. त्याला वेळ होता.

सभागृहात जेवण संपत आलं होतं. बायका ताटं उचलत होत्या, पुरुष मोठ्याने बोलत होते, अमोस कोपऱ्यात सिडारच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, पिंपाला नळ बसवत होता. आणि डोर्कस केक घेऊन आली.

जेरुशाने बघितलं आणि तिच्या मनात लाडू फुटायला लागले. केक कसला, फरशी! चार बोटं उंच व्हायचा तो जेमतेम एक बोट. वरून तपकिरी, कडेला काळा. डोर्कसचे डोळे सुजले होते. तिने तो सभापतींपुढे ठेवला आणि म्हणाली, "फुगला नाही हो. काय झालं कळलं नाही. माफ करा."

असाहेल लालबुंद झाला होता. सभापती बर्डेटने सुरी लावली. सुरी वाकली. त्याने केक उचलून टेबलावर आपटला. टक्क! कुणीतरी फस्सकन हसलं.

हीच वेळ. जेरुशाने शालीखाली हात घातला.

पण बर्डेट म्हणजे मुरलेला गडी. पस्तीस वर्षं सभेत काढलेला, हरलेला डाव पालथा करून जिंकणारा. तो केक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिला.

"मंडळी," तो म्हणाला, "तिकडे पलीकडे गव्हर्नरच्या टेबलावर काय आहे? फुगलेला केक! राजाच्या साखरेने फुगलेला, आत नुसती हवा! आणि हा आपला. दाबा, बघा दबतो का. कापा, बघा कापला जातो का!"

छप्पर उडेल असा गलका झाला. "अमोस!" बर्डेट ओरडला. "मोगरी आण!" आणि जेरुशाचाच नवरा पिंपाची लाकडी मोगरी घेऊन पुढे झाला. धाड धाड करून त्याने केकचे तुकडे केले. माणसं झटापटीने तुकडे घेऊन सिडारमध्ये बुडवू लागली. डोर्कस रडता रडता हसत होती आणि असाहेलने सगळ्यांदेखत तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

जेरुशा तशीच उभी. हातात केक, अर्धा शालीबाहेर.

"जायफळाचा वास कुठून येतोय?" जवळचा एकजण म्हणाला. माना वळल्या. पांढऱ्या साखरेचा, मनुकांचा, असा फुगून टम्म झालेला तो केक सगळ्यांना दिसला.

"मी म्हटलं..." जेरुशा म्हणाली. "म्हटलं, कमी पडला तर..."

असाहेल तिच्यापाशी आला. रागावला असता तर तिला चाललं असतं. तो रागावला नव्हता, लाजला होता. "ताई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तो बाहेर ने. आज नको."

चार वर्षांचा असल्यापासून ज्याला भरवलं, तो म्हणाला, बाहेर ने. जेरुशा दाराकडे वळली. ती दाराशी पोचली आणि बाहेरून तीन ठोके पडले.

"गव्हर्नरसाहेबांचा निरोप!" चिटणिसाचा आवाज आला.

पत्राचा ठराव अजून व्हायचा होता. निवडीच्या दिवशी केक खाल्ल्याशिवाय सभेच्या कामाला हात लावायचा नाही ही जुनी रीत, म्हणून तो जेवणानंतर ठेवला होता. सभेचा एक नियम आहे, राजाचा दूत असला तरी सभापतींनी 'या' म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. आणि दूताने दार ठोकलं की सभापतींना टाळाटाळ करता येत नाही, तोंड मोकळं असेल तर 'या' म्हणावंच लागतं. सगळ्यांनी बर्डेटकडे बघितलं.

बर्डेटच्या दोन्ही गालांत केक होता. त्याने चावला. पुन्हा चावला. डोळ्यांतून पाणी आलं, पण केक हलेना. त्याने बोट वर केलं, थांबा, असं. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्याने ठरावाचा कागद उचलून सगळ्यांना दाखवला आणि आपला दुसरा हात उंच केला.

सगळ्यांना एकदम उमगलं. एकोणतीस माणसं, एकोणतीस भरलेली तोंडं. हात वर गेले. कारकून टोक मोडेपर्यंत लेखणी दाबत मोजून लिहू लागला.

"गव्हर्नरसाहेबांचा निरोप!" बाहेरून पुन्हा.

"थांबा हो जरा," दाराशी उभी जेरुशा म्हणाली. का म्हणाली, तिलाही सांगता आलं नसतं. "सभापती जेवताहेत. घास तोंडात आहे."

"मी उभा आहे बाई!"

"मग बसा."

कारकुनाने शाई सुकायला वाळू टाकली, पुस्तक मिटलं. बर्डेटने सिडारचा एक लांब घोट घेतला, गिळलं, रुमालाने तोंड पुसलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "या!"

चिटणिसाने हुकूम वाचला. सभा मोडली. ठराव पुस्तकात होता. चिटणीस गेल्यावर जो आरडाओरडा झाला तो बंदरातल्या जहाजांवर ऐकू गेला म्हणतात. आणि ओरडत काय होते, तर डोर्कसचं नाव. तिला खुर्चीवर उभं केलं. कुणीतरी म्हणालं, अशा केकला पुतळा उभारला पाहिजे. दाराशी थांबून वेळ काढणाऱ्या जेरुशाचं नाव कुणी घेतलं नाही. आणि खमिराचं तर ती स्वतः तरी कुठल्या तोंडाने घेणार होती?

घरी येऊन तिने केक ओट्यावर आदळला. अमोसने मागाहून येऊन दोन तुकडे कापून खाल्ले. "काय मऊ झालाय ग!" तो मनापासून म्हणाला. जेरुशा ओट्याशी बसली आणि ढसाढसा रडली. बिचाऱ्या अमोसला आपलं काय चुकलं ते मरेपर्यंत कळलं नाही.

ते वर्ष तिला फार वाईट गेलं. जिथे जाईल तिथे दगडी केक. पाद्रीबुवांच्या प्रवचनात तो, गोदीवरच्या गाण्यात तो. मुली डोर्कसकडे कृती विचारायला जायच्या. जेरुशाला वाटायचं, चौकात उभं राहून ओरडावं, 'तो मी केलाय! तुमचा स्वातंत्र्याचा दगड माझ्या कढत पाण्याने झालाय!' पण ते ओरडायचं म्हणजे नणंदेने भावजयीच्या खमिरावर कढत पाणी ओतलं हेही ओरडायचं. मग ती घरी येऊन कणकेला बुक्क्या मारायची. असाहेल आता आठवड्यातून दोनदा यायचा, ताईला वाईट वाटलं असेल म्हणून. आणि आला की डोर्कसचं कौतुक सांगायचा.

पुढचा मे आला. गव्हर्नर अजून तेच होते, सभा पुन्हा निवडून आली होती आणि गव्हर्नरकडचं जेवण बंदच झालं होतं. फेन्विक केक सांगायला आला नाही. अठरा वर्षांनंतर जेरुशाची भट्टी निवडीच्या आठवड्यात थंड राहणार होती. ती बरण्या उगाच खाली-वर करत होती, तेव्हा डोर्कस आली. हातात तीच दगडी बरणी.

"वन्सं, खमीर हवं होतं. सभेने दगडी केक सांगितलाय. यंदा आणि दरवर्षी."

"घेऊन जा," जेरुशा कोरडेपणाने म्हणाली. "मोठ्या बरणीतलं घे."

"ते नको." डोर्कसने बरणी ओट्यावर ठेवली. "दोन आठवडे रोज करून बघतेय. चांगल्या खमिराने तो फुगतोच. खमीर न घालता केला तर नुसताच भुगा होतो. तसा होत नाही." ती थांबली. "गेल्या वर्षीसारखं द्या."

जेरुशाचा हात झाकणावरच राहिला. घरात कुणी नव्हतं. अंगणात अमोसची रंधा मारण्याची घरघर चालू होती.

"तुला काय माहीत, गेल्या वर्षी कसं होतं?"

"बरणी उचलली तेव्हाच हात भाजला माझा," डोर्कस म्हणाली. "एप्रनमध्ये धरून नेली, बघितलंत की."

"आणि तरी केलास?"

"दुसरं कुठलं आणणार होते? सगळं गाव तुमच्याच खमिरावर. आणि वाटलं, नसेल. वन्सं असं करणार नाहीत. सकाळी कणीक बघितली तेव्हा कळलं, केलंत."

"असाहेलला..."

"नाही सांगितलं. कुणालाच नाही. तुम्ही एकट्याच आहात त्याला." डोर्कस खाली बघत म्हणाली. "मलाही दुसरी नणंद नाही."

वर्षभर जिच्या नशिबाचा, हसण्याचा, नवऱ्याचा हेवा केला, तिच्या या चांगुलपणाचाही तिला त्या क्षणी हेवा वाटला, आणि तो सगळ्यांत कडू होता, कारण हे तिला सात जन्मांत जमलं नसतं. सभेचा केक पुन्हा तिच्या हातून होणार होता. सभापती खाणार होते, भाऊ खाणार होता. आणि ते या दोघींखेरीज कुणाला कधी कळणार नव्हतं.

तिने डोर्कसच्या बरणीत खमीर काढलं. वर बुडबुडे येत होते. मग केटली भरून चुलीवर ठेवली आणि दोघी पाणी कढायची वाट बघत उभ्या राहिल्या.

"तिथलं जाड फडकं घे," जेरुशा म्हणाली. "या वेळी बरणी त्यात गुंडाळून ने. हात भाजेल."